पिंगुळी ते काळा घोडा: कोकणातल्या मुलांचं पहिलं कलासंग्रहालय आणि पहिला ऑपेरा

सिंधुदुर्गातल्या आठवी-नववीच्या मुलांना मुंबईला कलासंग्रहालय आणि ऑपेरा, म्हणजे वाद्यवृंदाच्या साथीने गाऊन केलेलं युरोपीय नाटक, दाखवायला न्यायचं म्हटलं, की एक प्रश्न हमखास येतो: त्यांना त्यातलं काय कळणार? आमचं मत याबाबत पक्कं आहे. ज्या मुलाने जत्रेत रात्र जागून दशावतार पाहिलाय, त्याला गाऊन सांगितलेली गोष्ट नवी नाही. ज्याने गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवायच्या कारखान्यात, माती मळताना पाहिलीय, त्याला मूर्ती कशी उभी राहते हे शिकवावं लागत नाही. त्याला नवा असतो तो भोवताल: काच, शांतता, मंद उजेड, ठरलेली खुर्ची, न कळणारी भाषा. पहिल्या भेटीची तयारी म्हणजे या भोवतालाची तयारी. ती झाली नाही, तर मुलं दोन तास शिस्तीत रांगेने फिरतात आणि दुसऱ्या दिवशी त्यांना एकही वस्तू धड आठवत नाही.

म्हणून सुरुवात मुंबईपासून करायची नाही. कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर आदिवासी कला आंगण आहे. गुरांच्या गोठ्याचं संग्रहालय केलेली ही छोटी जागा आहे. ती उभी करणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या इथे केवळ मांडलेल्या नाहीत, त्या चालवणारी, गाणारी माणसं समोर असतात. चित्रकथीची पोथी म्हणजे सुट्या चित्रांचा क्रमवार संच. एकेक चित्र पुढ्यात उभं करायचं, वीणा-टाळ-हुडुकाच्या साथीने त्यातला प्रसंग गायचा, मग पुढचं चित्र. इथे मुलांकडून एक गोष्ट मुद्दाम करून घ्यावी. आधी चित्र गाण्यासकट पाहायचं. मग तेच चित्र गाणं थांबवून तीन मिनिटं नुसतं पाहायचं. मुलं पहिल्या मिनिटात चुळबुळतात, दुसऱ्यात कुजबुजतात, आणि तिसऱ्यात एखादा बोट दाखवून म्हणतो की या राक्षसाच्या हाताला सहा बोटं आहेत की पाच, मोजा. संग्रहालयात पुढे हेच करायचं असतं. तिथे प्रत्येक चित्राचा आवाज काढून घेतलेला असतो आणि तो पाहणाऱ्याने स्वतः भरायचा असतो.

रत्नागिरीच्या बाजूच्या शाळांना थिबा राजवाड्यातलं शासकीय संग्रहालय जवळ पडतं. सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले पत्ते, पाहायला मिळतो. दशावतारी गंजिफाच्या संचात १० रंग, प्रत्येकी १२ पानं, म्हणजे १२० गोल पानं असतात. तळहाताएवढ्या जागेत मत्स्य-कूर्मापासून कल्कीपर्यंत सगळं रंगवलेलं. लहान वस्तू जवळून पाहायचा सराव याच्याइतका चांगला दुसरीकडे होत नाही.

शाळेतली तयारी दोन तासिकांत आटपते. "हात लावू नका" एवढं सांगून काही होत नाही, कारण मुलांना त्याचं कारण पटलेलं नसतं. तांब्याचं एखादं ताम्हन चिंचेने घासून लखलखीत करावं, कोरडं पुसावं, एका बाजूला पाच-सहा मुलांनी बोटं टेकवावीत आणि ते आठवडाभर वर्गातच ठेवावं. आपल्या दमट हवेत बोटांचे ठसे काळपट होऊन वर येतात. घामातलं मीठ आणि तेल धातूला काय करतं हे मुलांनी डोळ्यांनी पाहिलं, की तिथे कुणाच्या मागे धावावं लागत नाही.

दुसरा विषय उजेडाचा. दालनात शिरल्यावर पहिली तक्रार असते ती "कायच दिसना नाय" ही. कागदावरच्या आणि जलरंगातल्या चित्रांवर साधारण ५० लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक), तैलचित्रांवर २०० लक्सच्या आसपास उजेड ठेवायची पद्धत आहे, कारण उजेडाने रंग विटतात आणि विटलेला रंग परत येत नाही. आपल्याकडच्या दुपारच्या उन्हात १ लाख लक्सपर्यंत उजेड असतो. तिथून आत आलेल्या डोळ्यांना सरावायला काही मिनिटं लागतात. दालनाच्या तोंडाशी दोन-तीन मिनिटं नुसतं थांबायचं, बोलायचं नाही, हे आधीच ठरवून ठेवावं.

तिसरं, उघड्या शरीरांच्या मूर्ती आणि चित्रं. हा विषय मास्तरांनी टाळला तर दालनात हशा पिकतो आणि पुढचा अर्धा तास कुणाचंच लक्ष राहत नाही. वर्गातच दोन-तीन छायाचित्रं दाखवावीत, शरीराचा अभ्यास हा शिल्पकाराच्या शिक्षणाचा पाया असतो हे साधेपणाने सांगावं, हसायचं ते तिथेच हसून घेऊ द्यावं.

प्रवास कोकणकन्येने. रात्री कुडाळ किंवा कणकवलीला चढलं की पहाटे सीएसएमटी. तिथून संग्रहालयाचा काळा घोडा भाग पायी पंचवीस-तीस मिनिटांवर आहे. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय सकाळी सव्वादहाला उघडतं, तोवर आंघोळ, नाश्ता आणि तासभर डोळा लागेल अशी जागा आधी पाहून ठेवावी. गाडीत मुलं झोपत नाहीत. त्यामुळे संग्रहालय आणि ऑपेरा एकाच दिवशी ठेवायचा मोह टाळावा. संध्याकाळी सात वाजता थंडगार अंधाऱ्या सभागृहात बसवलेलं रात्र जागलेलं मूल झोपणारच, आणि त्याबद्दल त्याला बोलणं अन्यायाचं आहे. शाळेच्या पत्राने गट आधी कळवला तर प्रवेश सोपा होतो. तिकिटाच्या सवलतीचंही त्याच वेळी विचारून घ्यावं.

तीस मुलं असतील तर सहा-सहाचे पाच गट आणि प्रत्येकासोबत एक मोठं माणूस. सहा हा आकडा उगाच नाही. लघुचित्र वहीच्या पानाएवढं असतं, त्याच्यासमोर सहाच डोकी मावतात. सातवं मूल मागे उभं राहतं आणि तिथून पुढे त्याचं लक्ष जमिनीवर.

किती पाहायचं? आठ वस्तू, फार तर दहा. एकूण वेळ नव्वद मिनिटं, मध्ये बाहेरच्या झाडांखाली बसून पाणी. बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयात काम करणाऱ्या बेंजामिन गिलमन यांनी १९१६ साली संग्रहालयात येणाऱ्या थकव्यावर लिहिलं होतं. वाकून, मान तिरकी करून, बसकण मारून वस्तू पाहणाऱ्या माणसाचे फोटो काढून त्यांनी दाखवलं होतं की माणूस पाहण्याने जितका थकतो त्याहून जास्त मांडणीमुळे थकतो. मुलांच्या उंचीला तर हे आणखी लागू पडतं. सगळं दाखवायच्या हट्टापायी पहिली भेट वाया जाते, हे आमचं सर्वांत ठाम मत.

क्रम शिल्पांपासून सुरू करावा. शिल्पं मोठी असतात, त्यांच्याभोवती फिरता येतं, आणि मुलांची त्यांच्याशी ओळख आधीची असते. ही ओळख इतकी जवळची की काही मुलं दालनाच्या दाराशी चपला काढतात आणि विष्णूसमोर हात जोडतात. चपला घालायला सांगाव्यात, नाहीतर परत येताना शोधाशोध होते. हात जोडण्याला मात्र अडवू नये. त्यातूनच पुढचा प्रश्न येतो. घारापुरीहून आणलेल्या शिल्पांसमोर एखादी मुलगी विचारते, "हेचे हात खंय गेले?" आणि दुसरा विचारतो की याची पूजा कोण करतं. भग्न मूर्ती पूजेत ठेवत नाहीत हे गावातल्या मुलांना ठाऊक असतं. जी मूर्ती देवळात राहू शकत नाही ती इथे सांभाळली जाते, हे उत्तर त्यांना लगेच पोचतं.

सिंधमधल्या मीरपूरखासच्या पाचव्या शतकातल्या बौद्ध स्तूपावरचं भाजलेल्या मातीचं काम याच संग्रहालयात आहे. कोकणातल्या मुलांना दाखवायला आम्हाला याहून चांगली वस्तू माहीत नाही. श्रावणात गणपतीच्या शाळेत ज्यांनी हात माखलेत, ती मुलं इथे वेगळ्याच नजरेने पाहतात. केसांच्या बटा साच्यातल्या की हाताने वळलेल्या, डोळ्याची कड काडीने ओढलीय का, आतून पोकळ असेल का, असे प्रश्न त्यांच्याकडून आपसूक येतात. आपला गणपती कच्च्या मातीचा, तो पाण्यात विरघळावा म्हणूनच तसा. ही माती भाजलेली, म्हणून दीड हजार वर्षं टिकली. पोकळ का करायची याचंही कारण सांगावं: भिंत जाड राहिली तर आतला ओलावा भट्टीत वाफ होऊन मूर्ती फोडतो.

प्रत्येक वस्तूसमोर आम्ही तीनच प्रश्न विचारतो. इथे काय चाललंय? असं कशावरून म्हणतोस? अजून काय दिसतं? ही पद्धत अमेरिकेत ॲबिगेल हाउसेन आणि फिलिप येनावाइन यांनी घडवली. ती सोपी वाटते, पण शिक्षकाला जड जाते, कारण तिसऱ्या मिनिटाला उत्तर सांगून टाकायची घाई होते. दुसरा प्रश्न कधीच गाळू नये. "राजा आहे" असं मूल म्हणालं आणि "कशावरून?" विचारलं, की त्याला परत चित्राकडेच जावं लागतं: छत्र, मागे उभा चवरीवाला, इतरांपेक्षा मोठी आकृती.

इथली सर्वांत मोठी चूक कागदाची असते. नाव, काळ, साहित्य, ठिकाण असे रकाने छापलेला तक्ता मुलांच्या हाती दिला, की ती पाटी उतरवून घेतात आणि वस्तूकडे मान वर करून पाहतसुद्धा नाहीत. कोरा कागद आणि शिसपेन्सिल द्यावी. पेन नको, शाई उडण्याच्या भीतीने ते दालनात चालत नाही. पाच मिनिटांत एका वस्तूचा एकच भाग काढायचा: हात, मुकुटाची कड, घोड्याचा पाय. पाटी शेवटी वाचायची.

लघुचित्रांपाशी पिंगुळीचा सराव कामाला येतो. वीतभर अंतरावरून पाहायचं, श्वासाने काच धुरकटणार नाही इतकं मागे. एकाच चौकटीत तोच माणूस दोनदा आला तर शहरातल्या मुलांचा गोंधळ उडतो, पण चित्रकथी पाहिलेली मुलं लगेच सांगतात की आधी तो इथे होता, मग तिथे गेला. मग टाटा बंधूंच्या संग्रहातली युरोपीय तैलचित्रं. यांच्यापुढे पहिली प्रतिक्रिया बहुतेक सोनेरी चौकटीवर असते, दुसरी "फोटो आहे काय?" ही. तीन मीटरवरून सुरुवात करावी, मग एक मीटरवर यावं. लांबून जी रेशमी बाही वाटते ती जवळून पांढऱ्या रंगाचे चार फटकारे असते. हा शोध मुलांना इतका आवडतो की ती पुढेमागे पुढेमागे करत राहतात, करू द्यावं. वॉर्निशवर दिव्याची चकाकी आली तर एक पाऊल बाजूला सरकायचं. चित्रकथीत मोठा कोण, तर ज्याचा मान मोठा तो. इथे मोठा कोण, तर जो जवळ उभा आहे तो. एवढा एक फरक कळला तरी त्या दालनाचं काम झालं.

याच आवारात २०१९ पासून मुलांसाठी वेगळं संग्रहालय आहे, ते शेवटी ठेवावं. शेजारच्या जहांगीर कलादालनात प्रवेश मोफत, चित्रकार बहुधा स्वतः बसलेला असतो. जिवंत चित्रकाराला प्रश्न विचारता येतो, हा अनुभव अर्ध्या तासाचा असला तरी चुकवू नये. आधुनिक कलेचं राष्ट्रीय दालन समोरच आहे, पण ते पुढच्या खेपेला.

आता ऑपेरा. मुंबईत ऑपेराचा रंगमंचीय प्रयोग क्वचित होतो. नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचे प्रयोग पडद्यावर दाखवतात, पहिल्या ओळखीला ते चांगले. पहिला ऑपेरा म्हणून आमची निवड ऑस्ट्रियाचा संगीतकार मोत्सार्ट याची 'जादूची बासरी'. व्हिएन्नात ३० सप्टेंबर १७९१ रोजी तिचा पहिला प्रयोग झाला. निवडीचं कारण साधं आहे: यात पदांच्या मधलं बोलणं गाऊन नाही, बोलूनच होतं. आपल्या संगीत नाटकासारखी आणि दशावतारासारखीच ही घडण. पडदा उघडताच राजपुत्रामागे अजगर लागलेला असतो, पुढे पिसांच्या कपड्यातला पाखरं धरणारा विनोदी गडी येतो. मुलं पहिल्या दहा मिनिटांत गोष्टीत शिरतात. पूर्ण प्रयोग अडीच-तीन तासांचा. मेट्रोपॉलिटनने केलेली संक्षिप्त इंग्रजी आवृत्ती दोन तासांच्या आत संपते, मिळाली तर तीच घ्यावी.

गोष्ट आधी पूर्ण सांगायची, शेवटासकट. दशावतारात आख्यान सगळ्यांना पाठ असतं, म्हणून तर नट आज काय बोलतो याकडे कान लागतात. तिथे संवाद लिहिलेले नसतात, नट ते उभ्या उभ्या रचतो. ऑपेरात उलट, प्रत्येक सूर आणि प्रत्येक शब्द कागदावर बांधलेला. पण प्रेक्षकाचं काम दोन्हीकडे एकच: गोष्ट माहीत असताना ती कशी सांगितली जाते ते पाहणं. इंग्रजी उपशीर्षकांवर विसंबू नये. वाचण्यात मूल गुंतलं की रंगमंच सुटतो. प्रवेशागणिक एकेक ओळ, अशी पंधरा ओळींची मराठी पट्टी जाड पुठ्ठ्यावर द्यावी. पातळ कागद सभागृहात वाजतो.

सुरुवातीलाच हमखास एक अडचण येते. वाद्यवृंदाची प्रस्तावना सुरू होते आणि मुलं मोठ्याने बोलू लागतात. त्यांना दोष देता येत नाही. जत्रेत पायपेटी, मृदंग आणि झांज सुरू झाली की ती चटई पसरायची, भजी आणायची, आपली माणसं शोधायची वेळ असते. गणपती आला की मग सगळे बसतात. ऑपेरात मात्र प्रयोग पहिल्या सुरापासून सुरू होतो आणि दारं बंद होतात. हे आधी सांगितलं की मुलं पाळतात. मध्ये उठता येत नाही, म्हणून लघवीला आधी जाऊन यायचं. थंडी वाजते, म्हणून स्वेटर किंवा ओढणी सोबत हवी. टाळ्या पद संपल्यावर.

'जादूची बासरी'तल्या 'रात्रीची राणी' या पात्राचं दुसरं पद आलं की सभागृहात कुजबुज पसरते: "ही बाई आरडता कित्याक?" तारसप्तकाच्याही वर चढणारे ते सूर मोत्सार्टने तिच्या संतापासाठी लिहिलेत. ती आईच आपल्या मुलीला खून करायला सांगत असते, हे आधी माहीत असेल तर तो आवाज किंचाळी न वाटता राग वाटतो. आवाजाच्या थरथरीबद्दलही मुलं विचारतात. त्यांना सांगावं की आपल्या गाण्यात जसं आंदोलन आणि गमक, तसं तिथे हे आवाज मोकळा सोडण्याचं लक्षण.

"माईक खंय आसा?" हा आम्हाला सर्वांत आवडणारा प्रश्न. ऑपेराचा गायक परंपरेने माईक घेत नाही. साठ-सत्तर वाद्यांवरून त्याचा आवाज जातो, कारण वाद्यवृंदाचा जोर साधारण ५०० हर्ट्झच्या (सेकंदाला इतक्या कंपनांच्या) आसपास असतो आणि गायक घसा व तोंड अशा तऱ्हेने ठेवतो की त्याच्या आवाजात ३००० हर्ट्झच्या जवळ जास्तीचा जोर येतो. तिथे वाद्यं कमी पडतात, म्हणून आवाज निसटून वर येतो. हे पडद्यावरच्या प्रयोगात मात्र ऐकू येत नाही, तिथे सगळं स्पीकरमधूनच येतं; मुलांना तसं स्पष्ट सांगावं. खरी प्रचीती शाळेच्या मैदानावर देता येते. मृदंग आणि पेटी जोरात वाजवायला सांगायची, वीस पावलांवर मुलांना बसवायचं, आणि गावातल्या एखाद्या जुन्या दशावतारी नटाला माईकशिवाय गायला सांगायचं. शब्द कुठे पोचतात, कुठे बुडतात, मुलं स्वतः ऐकतात.

सर्वांत अवघड जातं ते चार जणांनी एकाच वेळी वेगवेगळं गाणं. आपला कान एका सुरावर वाढलेला. दोन पात्रं एकदम गायली तर आपल्याकडे तो गोंधळ. इथे तेच मुद्दाम रचलेलं असतं: एक रडतोय, एक चिडलाय, एकीला काहीच कळलेलं नाही, आणि हे सगळं एका क्षणात ऐकू यावं. वर्गात चार मुलांना चार वेगळ्या ओळी देऊन एका ठेक्यावर म्हणायला लावाव्यात आणि बाकीच्यांनी प्रत्येक वेळी एकाच मुलाचा आवाज धरून ऐकावा. चौथ्या फेरीला कान सैल होतो. तसंच बायकांच्या भूमिकांचं. दशावतारात स्त्रीपार्टी पुरुष करतात, हे मुलांना सवयीचं. मोत्सार्टच्याच १७८६च्या 'फिगारोच्या लग्ना'त केरुबिनो हा कोवळा पोरगा बाई गाते, हे कळलं की ती खूश होतात आणि लगेच विचारतात की मग तिला मिशा लावतात का.

मुक्काम असेल आणि काही कार्यक्रम चालू असेल तर गिरगावचं रॉयल ऑपेरा हाउस आतून दाखवावं. १९११ साली पंचम जॉर्जच्या हस्ते उद्घाटन, १९९३ला बंद, २०१६ला पुन्हा सुरू. ऑपेरासाठी बांधलेल्या या वास्तूत मराठी संगीत नाटकंही झाली आहेत. मालवणच्या मामा वरेरकर नाट्यगृहाची सवय असलेल्या मुलांना इथल्या बाजूच्या उंच कोनाड्यांतल्या बैठका पाहून पहिला प्रश्न पडतो की तिथून रंगमंच तिरका नाही का दिसत. दिसतो. तिथे बसणाऱ्यांना लोकांनी आपल्याला पाहावं असंही वाटायचं.

परतल्यावर लगेच निबंध लिहून घेऊ नये. "आम्हाला खूप माहिती मिळाली" या वाक्यापलीकडे त्यात काही येत नाही. दोन दिवसांच्या आत प्रत्येकाने आठवेल ती एकच वस्तू न बघता काढायची आणि एकच सूर गुणगुणून दाखवायचा. काय राहिलं, काय निसटलं ते त्यावरून कळतं, आणि पुढच्या तुकडीच्या आठ वस्तू त्यावरूनच बदलाव्यात. मुंबईचा दौरा जानेवारीत ठेवला तर जत्रांचा हंगाम चालूच असतो. परत आल्यावर पहिली जत्रा लागली की मुलांना रंगमंचाच्या बाजूला, पेटीवाल्याच्या जवळ बसवावं. ऑपेरात वाद्यवृंदापुढे पाठमोरा उभा राहून काठी हलवणारा माणूस काय करत होता, हे पेटीवाल्याचे डोळे नटावर कसे खिळलेले असतात ते पाहून समजतं. त्या रात्री वही-पेन्सिल न्यायची नाही.